तीनशे चौसष्ट दगड आणि एक रांजण

तापगोलच्या मनोऱ्यात एकूण दगड किती, हा प्रश्न गेल्या हजार वर्षांत कोणाला पडला नव्हता आणि मेंग मास्तरांनाही पडला नसता. पण नोव्हेंबरच्या शेवटी जिल्हा कचेरीनं आमच्या गावच्या सभागृहाच्या दारावर एक कागद चिकटवला. कागदात म्हटलं होतं की, सदर मनोरा आडबाजूला असून तिथे सहलीची बस वळवायला जागा नाही, सबब तो सुटा करून जिल्ह्याच्या गावी नव्या संग्रहालयाच्या हिरवळीवर उभा करण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास ती तीस दिवसांच्या आत शास्त्रीय कारणासह लेखी कळवावी.

हरकत सगळ्यांचीच होती. आमच्या भाषेत ‘ताप’ म्हणजे मनोरा; ज्या मनोऱ्याच्या नावावरून गावाला नाव मिळालं तोच उचलून नेला, तर खाली राहिलेल्या गावाला म्हणायचं काय? सरपंच बान यांनी त्याच दिवशी अर्ज लिहून धाडला. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘तो आमचा आहे’ एवढंच लिहिलं होतं. चौथ्या दिवशी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता, ‘कारणाचा रकाना भरलेला नाही.’

मग सभा भरली. आमच्याकडे सभा म्हणजे खालून तापवलेल्या जमिनीवर मांड्या घालून बसायचं, बायकांनी कांद्याच्या पातीची धिरडी टाकत राहायचं, आणि तांदळाच्या पांढऱ्या दारूची तिसरी किटली रिकामी झाली की ठराव पास करायचा. ब्योनआजोबा वयाच्या मानानं सगळ्यात गरम कोपरा धरून आडवे झाले होते. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, एक कान कामातून गेलेला, पण कोणता ते त्यांनी कधी कोणाला कळू दिलं नाही.

‘शास्त्रीय कारण म्हणजे नेमकं काय हो, सर?’ सरपंचांनी विचारलं.

‘मोजता येईल असं,’ मेंग मास्तर म्हणाले.

‘मग मोजा की,’ ब्योनआजोबा डोळे न उघडता म्हणाले.

मेंग मास्तरांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि ते उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला तरी त्याचा हुद्दा निवृत्त होत नाही. त्यामुळे सगळं गाव त्यांना अजून उपमुख्याध्यापक साहेब म्हणतं, आणि त्यातला ‘उप’ लोक गरजेपेक्षा जास्त स्पष्ट म्हणतात असा मास्तरांना दहा वर्षांपासून संशय आहे. सरपंच तेवढे ‘सर’ म्हणतात, कारण ते मास्तरांचे विद्यार्थी. आठवीत त्यांना गणितात एकोणचाळीस मार्क होते आणि पास व्हायला चाळीस लागत. तो एक मार्क मास्तरांनी वाढवून दिला नव्हता.

‘तिकडे जुन्या राजधानीत, ग्योंगजूच्या त्या वेधशाळेत वर्षाला जितके दिवस तितके दगड आहेत म्हणतात,’ सरपंच म्हणाले. ‘तिला हात लावायची कोणाची छाती आहे का? आपल्या मनोऱ्यातही तेवढेच असणार. बांधणारे एकाच काळातले, एकमेकांना विचारूनच बांधत असणार.’

‘अहो, तिथेही एकमत नाही. जो मोजतो त्याचा आकडा वेगळा येतो.’

‘त्या मोजणाऱ्यांत गणिताचे शिक्षक नसतील, सर.’

हे वाक्य मास्तरांना लागू पडलं. त्यांनी ताटलीतलं धिरडं बाजूला सारलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, बघतो. ते फक्त ‘बघतो’ म्हणाले होते, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गावचा लाउडस्पीकर खाकरला. मास्तर एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होते.

‘ग्रामस्थांनो, सुप्रभात. कोबीचा ट्रक आज येणार नाही, उद्या येईल. दुसरं असं की आपल्या मनोऱ्यात तीनशे पासष्ट दगड असल्याचं आपले उपमुख्याध्यापक साहेब आजपासून सिद्ध करणार आहेत. त्यांना सहकार्य करावं.’

‘आकडा आधीच ठरलाय, तर मग तुम्ही मोजणार काय?’ मास्तरांच्या बायकोनं, पिलसूनबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं. मास्तरांनी दुसरा मोजा न सापडल्याचं खापर तिच्यावर फोडलं आणि बाहेर पडले.

मनोरा त्यांच्या घराला अगदी लागून, परसाच्या भिंतीपलीकडे दक्षिणेला आहे. उंची सहा मीटर, पाच थर, लहान उशीएवढे घडीव दगड आणि दक्षिणेच्या बाजूला एक कोनाडा. एवढीशी वस्तू मोजायला किती वेळ लागावा? मास्तरांच्या हिशोबानं अर्धा तास. पण या हिशोबात त्यांनी गाव धरलं नव्हतं. आमच्याकडे रस्त्यात माणूस दिसला की ‘जेवलात का?’ असं विचारतात. विचारलं की ‘हो जेवलो, तुम्ही जेवलात का?’ असं म्हणावं लागतं, नाहीतर घरात काहीतरी बिनसलंय अशी बातमी संध्याकाळपर्यंत पसरते. मास्तर एकशे बेचाळीसवर आले की कोणीतरी विचारायचं, ‘साहेब, जेवलात का?’ मास्तर म्हणायचे, ‘जेवलो,’ आणि बेचाळीस एकशे असतं की दोनशे यावर विचार करत उभे राहायचे. पहिल्या दिवशी आकडा आला तीनशे एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी तीनशे अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यात ‘मी जेवलो आहे’ अशी पाटी अडकवली, तेव्हा लोक थांबून काय जेवलात ते विचारायला लागले.

चौथ्या दिवशी मास्तरांनी निवृत्त झाल्यापासून जपून ठेवलेली खडूची पेटी काढली. शिडी लावली आणि प्रत्येक दगडावर सुंदर, गोल, शाळेतल्या फळ्यावर असायचं तशा अक्षरात क्रमांक घातला. शेवटच्या दगडावर आकडा पडला तीनशे चौसष्ट. त्यांनी सगळे पुन्हा तपासले. तीनशे चौसष्ट. ते शिडीवरून उतरून खाली बसले, आणि नेमके तेव्हाच जिल्हा कचेरीचे प्योसाहेब गाडीतून उतरले.

प्यो असतील बत्तीस-तेहतीस वर्षांचे. इतके नम्र, की रागावतानाही आधी कमरेत वाकून घ्यायचे.

‘साहेब, क्षमा असावी,’ ते वाकले. ‘आपण प्राचीन वास्तू विद्रूप केली आहे.’

‘खडू आहे तो. पाण्यानं जातो.’

‘मऊ ब्रशनं, साध्या पाण्यानं, कचेरीच्या माणसासमक्ष धुवावं लागेल.’

‘पण तुम्हीच तर म्हणता हा नोंदलेला वारसा नाही. म्हणून तर उचलून नेताय.’

‘हलवायला तो वारसा नाही, साहेब. खडू लावायला आहे.’ प्यो पुन्हा वाकले. ‘दोन वेगळी परिपत्रकं आहेत.’

तर मास्तरांनी थंडीत, हात लाल होईपर्यंत, तीनशे चौसष्ट दगड दातांच्या ब्रशनं धुतले. अर्धं गाव बघायला जमलं. धुणाऱ्याला कोणी जेवलात का असं विचारलं नाही, एवढं सौजन्य मात्र सगळ्यांनी दाखवलं.

त्या संध्याकाळी सभागृहात जी सल्लामसलत झाली ती मास्तर जन्मात विसरणार नाहीत. एकानं सुचवलं की पायथ्याचा मोठा दगड दोनदा मोजावा, तो आहेच दोघांएवढा. दुसरा म्हणाला, वर्षातली एक सुट्टी वजा धरावी. तिसऱ्यानं चांद्र पंचांग पुढे केलं, पण त्यात दिवस तीनशे चोपन्नच, म्हणजे दहा दगड उलट जास्त होत होते. मास्तरांनी सगळ्यांना शांत करून सांगितलं की तीनशे चौसष्ट हीसुद्धा मोठी देखणी संख्या आहे. बारा थरांचा तिकोनी ढीग रचला की त्यात बरोबर तीनशे चौसष्ट गोळे बसतात. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं.

‘गोळे घेऊन काय करू, सर? अर्जात वर्ष लिहायचंय,’ सरपंच म्हणाले. मग हळूच म्हणाले, ‘एकाचाच तर प्रश्न आहे. वाढवा की एक.’

‘नाही.’

‘तेव्हाही नाहीच म्हणाला होतात.’

‘तेव्हाही एकोणचाळीसच होते,’ मास्तर म्हणाले आणि चपला शोधायला उठले. पण घरी जाताना ते मनोऱ्यापाशी थांबले. लहानपणी याच मनोऱ्याला टेकून ते पाढे पाठ करायचे. तो उचलून नेताना आपल्याला आपल्याच परसातून बघावं लागणार, तेही एका दगडासाठी, हे त्यांना सहन होत नव्हतं.

सकाळी ते पुन्हा मनोऱ्यापाशी गेले, आणि इतके दिवस कोनाड्याच्या डाव्या अंगाला जे नुसतं मळकट दिसत होतं ते त्यांना नीट दिसलं. तिथे एका दगडाची जागा होती आणि ती सिमेंटनं बुजवली होती. म्हणजे तीनशे पासष्टावा होता. मास्तर धावतच ब्योनआजोबांकडे गेले.

‘असेल,’ आजोबा म्हणाले. ‘तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी तुफान आलं ना, तेव्हा मनोरा पडला. मी सोळा वर्षांचा. आम्हीच पुन्हा रचला. काही दगड गेले.’

‘गेले म्हणजे? कुठे गेले?’

आजोबांनी बहुधा चांगला असलेला कान उशीत घातला.

मास्तरांना हवं ते मिळालं होतं. त्यांनी सरपंचांकडून लाउडस्पीकर घेतला आणि जे भाषण ठोकलं, ते छत्तीस वर्षांच्या शाळेतही त्यांना कधी साधलं नव्हतं. ‘या गावाच्या मनोऱ्याचा एक दगड कोणीतरी घरी नेला आहे,’ ते म्हणाले. ‘तो आज कोणाच्या तरी उंबऱ्यात असेल, कुंपणात असेल. गावावर आभाळ कोसळलं असताना ज्याच्या वाडवडिलांनी गावाची वस्तू पळवली आणि जो आजही ती वापरतो आहे, त्याला लाज वाटली पाहिजे. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.’ डोंगरावर आवाज घुमला. गावातली दोन कुत्री भुंकली, बाकी सगळं चिडीचूप.

आठवडा गेला, दगड काही आला नाही. हरकतीची मुदत दक्षिणायन संपायच्या दिवशी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी संपत होती, आणि त्याच दिवशी प्यो तपासणीला येणार होते. मास्तरांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी ताडलं की कोनाडा उगाच दक्षिणेला नसणार. कोनाड्याच्या मध्यातून मनोऱ्याच्या पाठीमागे उत्तरेकडे सरळ रेषा नेली तर ती थेट मागच्या डोंगराच्या शिखराला भिडावी, आणि भिडली तर मनोऱ्याची जागा ठरवून निवडलेली आहे असं सिद्ध होईल. त्यांनी दोरी बांधली, भिंतीवरून स्वतःच्या परसात आणली, आणि दोरी थेट किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या, रांजणावर आदळली.

रांजण कमरेइतका उंच, गवताच्या पेंढ्यांनी गुंडाळलेला, मास्तरांच्या आईच्या काळापासून एकाच जागी. मुलीनं, सोरानं, सोलहून किमचीसाठी वेगळा फ्रिज पाठवला होता. पिलसूनबाईंनी त्यात बटाटे आणि कपड्यांचा साबण ठेवला होता.

‘हा जरा दोन हात सरकवू या का?’ मास्तरांनी अगदी सहज विचारलं.

‘नाही.’

‘अगं, दोनच हात.’

‘सोराचे बाबा, हा रांजण हलायचा नाही. सासूबाईंनी मला लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात हात धरून इथे आणलं होतं. म्हणाल्या, घर हललं तरी चालेल, हा हलता कामा नये. जागा बदलली की किमची लवकर आंबते.’

‘याला काही शास्त्रीय आधार?’

‘गेली चाळीस वर्षं तुम्ही दोन-दोन वेळा मागून खाता, तो आधार,’ ती म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली.

गुरुवारी ती बायकांबरोबर बाजारगावच्या गरम पाण्याच्या हमामात गेली. ही वेळ साधून मास्तरांनी रांजणाला मिठी मारली. रांजण हलला नाही, मास्तरांच्या कमरेत मात्र चमक भरली. भरलेला रांजण हलका करायचा तर आतला माल काढला पाहिजे, असा साधा हिशोब करून त्यांनी झाकण उघडलं, वरची खारवलेली पानं बाजूला केली आणि कोपरापर्यंत हात लाल रश्शात घातला. आत कोबी दाबून ठेवणारा दगड होता. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी वर ओढला, बादलीत धुतला आणि बघत राहिले. लहान उशीएवढा. चार कडा घडीव. एका कडेला बोटभर खाच, कोनाड्याच्या आसपासच्या प्रत्येक दगडाला असते तशी. तीनशे चौसष्ट दगड त्यांनी ब्रशनं धुतले होते, त्यांच्या सख्ख्या भावाला ते चुकणं शक्यच नव्हतं.

पिलसूनबाई परत आल्या तेव्हा मास्तर परसातल्या लाकडी बाजेवर वाकडे बसले होते. कोपरापर्यंत लाल हात आणि मांडीवर दगड.

‘सासूबाईंचा दगड बाहेर का काढला?’

‘हा आईचा नाही. मनोऱ्याचा आहे.’

तिनं वाकून दगडाच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग हमाममधून आलेल्या तिच्या गुलाबी चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. तिनं ते थांबवण्याचा प्रयत्नही केला नाही. ‘लाज वाटली पाहिजे म्हणालात ना लाउडस्पीकरवर? वाटतेय का?’

वाटत होती. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. दोन दिवस मास्तर घराबाहेर पडले नाहीत. त्यांना एकीकडे आकडा पुरा झाल्याचा आनंद होता. तीनशे पासष्ट, मनोरा वाचला. दुसरीकडे सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं होतं की चोर आमच्याच घरात. आई गेली तेव्हा अर्धं गाव रडलं होतं. तिच्या नावाला आपणच लाउडस्पीकरवरून काळं फासलं, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

‘गुपचूप कोपऱ्यात ठेवून या,’ बायको म्हणाली. ‘कोणी बघायचं नाही.’

‘मुलं वही लपवायची तेव्हा मी काय सांगायचो?’ मास्तर म्हणाले. ‘मी सांगणार. सगळ्यांसमोर.’

वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी आमच्याकडे लाल चवळीची पेज करतात. ती दोन घास खाऊन मास्तरांनी सकाळी नऊ वाजता दगड हातगाडीवर ठेवला, वर बायकोचा ॲप्रन झाकला आणि कमरेला हात लावत मनोऱ्यापाशी गेले. तिथे पायथ्याशी दगड पडले होते. एक नाही, अकरा. रांगेत, नीट पुसलेले. एकाला अजून दाराची बिजागरी अडकलेली होती, एकाला मेणबत्तीचं मेण, एकावर कोणीतरी कपडे आपटून आपटून गुळगुळीत केलेली बाजू.

गाव जमलं होतं आणि जो तो आभाळाकडे बघत होता. ‘कुठून आले कोणास ठाऊक,’ सरपंच म्हणाले. ते ज्या दगडापासून सगळ्यात लांब उभे होते त्याच्यावर त्यांच्या दारूच्या किटल्यांचे गोल डाग होते.

प्यो आले, वाकले आणि दगड बघून वाकलेलेच राहिले.

मास्तरांनी ॲप्रन बाजूला केला. ‘हा बारावा,’ ते म्हणाले. ‘हा माझ्या आईच्या किमचीच्या रांजणात होता. मी तुम्हा सगळ्यांना लाज वाटली पाहिजे म्हणालो. ती मला वाटते आहे.’

मग ब्योनआजोबा काठी टेकत पुढे आले.

‘तुझ्या आईनं चोरला नाही,’ ते म्हणाले. ‘तुफानानंतर नदी घरांत घुसली होती. कोणाचा उंबरा वाहून गेला, कोणाची चूल. आम्ही मनोरा रचत होतो आणि बायका येऊन विचारत होत्या, एक दगड नेऊ का? मीच न्या म्हणालो. वरचा शेंडा म्हणून तर बसला नाही, दगडच उरले नाहीत. सोळा वर्षांचा होतो मी, मला कोणी विचारायला आलं याचंच कौतुक होतं.’ मग त्यांनी मानेवर हात फिरवला. ‘माझ्याकडे एक आहे. उशाशी. तो आणला नाही, मान अवघडते.’

मग सगळ्यांची तोंडं सुटली. हा आमच्या चुलीचा, तो आमच्या गोठ्याचा. सरपंचांनी स्वतःच्या दगडाजवळ जाऊन त्याला पायानं जरा सरळ केलं. मास्तर बेरीज करत होते. रांजणातला एक आणि पायथ्याचे अकरा धरले तर तीनशे शहात्तर, आणि आजोबांची उशी धरली तर तीनशे सत्याहत्तर. शेंड्याचे नदीत गेलेले किती, देव जाणे. वर्ष गेलं, गोळ्यांचा ढीगही गेला. या आकड्यात त्यांना काही म्हणता काही दिसेना आणि ते हातगाडीच्या कडेवर टेकले.

प्यो मात्र फाइल चाळत होते. आता त्यांच्या कपाळावर घाम होता.

‘साहेब, या वस्तू जिथे सापडल्या तिथून हलवायला नको होत्या. सुटा भाग मूळ जागीच नोंदवायचा असतो. कृपया सगळे परत नेऊन जसे होते तसे ठेवा. मी घरोघर येऊन नोंद करतो.’

‘परत ठेवू?’ सरपंचांनी विचारलं. ‘आणि मग?’

‘मग वारसा समिती येऊन बघेपर्यंत कोणताही भाग हलवता येणार नाही.’

‘समिती कधी येणार?’

‘समिती नेमायची आहे.’

मास्तरांनी मान वर केली. वर्गात एखादं पोर सगळ्यांच्या आधी उत्तर सापडल्यावर जसं बघायचं तसे ते प्योकडे बघत होते. ‘आणि मनोरा?’

‘मनोरा सर्व भागांसह एकत्रच हलवता येतो, साहेब. नियम चौदा.’

‘म्हणजे भाग हलत नाहीत तोवर मनोरा हलत नाही.’

प्योंनी नियम पुन्हा वाचला. मग दोन्ही परिपत्रकं एकावर एक ठेवून धरली, जणू त्यानं काही फरक पडेल. ‘असं दिसतं खरं,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच वाकायचं विसरले.

दिवसभर गावात दगडांची उलटी मिरवणूक निघाली. जे पहाटे गुपचूप आणले होते ते भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, हसत हसत परत नेले. बाराच्या सुमारास प्यो मास्तरांच्या परसात आले. पिलसूनबाईंनी दगड रांजणात पूर्ववत बसवला होता आणि पानांवर पानं रचली होती.

‘भाग क्रमांक बारा,’ प्यो लिहीत होते. ‘जागा, किमचीचा रांजण. मनोऱ्याशी संबंध…’ त्यांनी पेन थांबवलं. ‘इथे काय लिहू? अंतर?’

‘नऊ मीटर,’ मास्तर म्हणाले. दोरीमुळे त्यांना ते पाठ होतं. आणि म्हणतानाच त्यांची नजर भिंतीकडे गेली. मनोऱ्याची सावली भिंत ओलांडून परसात आली होती. तिचं टोक रांजणाच्या झाकणाच्या कडेला होतं आणि हळूहळू मध्याकडे सरकत होतं. मास्तरांनी घड्याळ बघितलं. आमच्याकडे घड्याळाचे बारा वाजले म्हणून सूर्याचे वाजत नाहीत. त्याचे या दिवसांत बारा बावीसला वाजतात. बारा बावीसला सावलीचं टोक झाकणाच्या बरोबर मध्यावर, मुठीवर येऊन टेकलं.

‘सहा मीटर उंची,’ मास्तर पुटपुटले. ‘कमरेइतका रांजण, नऊ मीटर अंतर. आज दुपारी सूर्य तीस अंशांवर आहे. अगं, हे तर… आजच्या दिवशी सगळ्यात लांब सावली, आणि तिचं टोक…’

‘हो, येतं ना,’ पिलसूनबाई म्हणाल्या. ‘हिवाळाभर दुपारी सावली इथे बसते. म्हणून तर रांजण इथे आहे. थंड राहतो, किमची लवकर आंबत नाही.’

‘आईला हे कोणी शिकवलं?’

‘कोणी कशाला शिकवायला हवं? अंगणातला बर्फ शेवटी कुठे वितळतो ते दिसत नाही का?’

महिनाभर मास्तर शिडीवर चढून आकाशाकडे आणि शिखरांकडे बघत होते, आणि आई शाळेत न जाता परसात उभी राहून हे करून बसली होती. त्यांनी रांजणाच्या झाकणावर, सावलीतच, हात ठेवला. डोळे भरून आले, आणि या वेळी कारण गोळ्यांचं नव्हतं.

प्योंनी तो सगळा प्रकार रकान्यात लिहून घेतला. जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली. सरपंचांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि सहीनंतर म्हणाले, ‘सर, आजचं धरून माझा एक मार्क?’ मास्तरांनी बराच विचार केला. मग प्योंचं पेन मागून सरपंचांच्या तळहातावर चाळीसचा आकडा घातला. सरपंचांनी तो दोन दिवस धुतला नाही.

तीन आठवड्यांनी टपालानं कचेरीचा कागद आला. मनोऱ्याचं स्थलांतर पुढील आदेशापर्यंत तहकूब. सोबत तेरा घरांसाठी तेरा चिकटपट्ट्या होत्या. ब्योनआजोबांनी आपली उशीच्या अभ्र्यावर लावली. पिलसूनबाईंनी आपली रांजणाला लावण्याआधी चष्मा घालून मोठ्यानं वाचली.

‘“सदर वस्तू परवानगीशिवाय जागेवरून हलवू नये.”’ त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं. मास्तर अजून कमरेला पट्टा बांधून बसले होते. ‘चाळीस वर्षं मी तोंडी सांगत होते. तुम्हाला लेखी लागतं.’

मास्तरांनी ताटली पुढे केली आणि दुसऱ्यांदा किमची मागितली.